शिकारी रायफलीची नळी : मूळची कीं मागाहूनची?

जुन्या शिकारी रायफलींच्या विक्रीच्या याद्यांत आणि खासगी संग्रहांच्या सूचींत एक वाक्य वारंवार आढळतें : "नळीवरील व चौकटीवरील क्रमांक जुळतात, सबब नळी मूळची आहे." हें वाक्य इतकें रूढ झालें आहे कीं, त्याच्या पूर्वार्धावरून उत्तरार्ध निघतो कीं नाहीं, ही शंकाही सहसा कोणास येत नाहीं. प्रस्तुत लेखांत या अनुमानाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. विषय शस्त्रांचा असला तरी ज्यांनीं पोथ्या व दप्तरें हाताळलीं आहेत त्यांस तो परका वाटूं नये. कारण एखादी वस्तु स्वतःविषयीं जें सांगते तें कितपत प्रमाण मानावें, हाच येथेंही प्रश्न आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे या रायफलींचा मूळ उपयोग संपला. ज्या घराघरांतून राहिल्या आहेत त्या स्मृति म्हणून राहिल्या आहेत, व आतां हळूहळू संग्रहांत येऊं लागल्या आहेत. पुष्कळांच्या कुंद्यावर चांदीची पट्टी असते; तींत कोणी, कोणास, कोणत्या सालीं रायफल दिली किंवा कोणतें श्वापद मारलें हें कोरलेलें असतें. अशी वस्तु संग्रहांत एकदां ठेवली कीं तिची चिठी हाच पुढच्या लेखकांचा आधार होतो. म्हणून ती लिहितांना घाई करून चालत नाहीं. पट्टी कुंद्यावर असते आणि गोळी नळींतून जाते. या दोहोंचा संबंध गृहीत धरलेला असतो, दाखविलेला नसतो.

प्रथम नळी बदलण्याचीं कारणें पाहूं, कारण तीं ठाऊक नसल्यामुळेंच 'कोण कशाला नळी बदलील?' असा आक्षेप पुढें येतो. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार निघाल्यावर त्याचा क्षार नळींत मागें राही. हा क्षार हवेंतील ओल शोषून घेतो. तेलानें तो विरघळत नाहीं, पाण्यानेंच विरघळतो. म्हणून जाणते शिकारी संध्याकाळीं मुक्कामावर आल्याबरोबर नळींत कढत पाणी ओतीत व मग तेल देत. जे नुसत्या तेलावर विसंबले त्यांच्या नळ्या कोंकणांतल्या एका पावसाळ्यांत आंतून खवल्यासारख्या होऊन जात. त्यांत कॉर्डाइट ही दारू फार उष्ण जळणारी. तिनें काडतुसाच्या कोठीपुढील पिळाचे आटे झिजत. तिसरें कारण कायद्याचें. १९०७ मध्यें सरकारनें हिंदुस्थानांत ४५० बोअरच्या काडतुसांस व रायफलींस आयातबंदी केली, कारण मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीचें काडतूस त्याच बोअरचें होतें व दारूगोळा नको त्या हातीं जाईल अशी भीति होती. त्याचा परिणाम म्हणून इंग्लिश कारखानदारांनीं ४६५ व ४७० बोअरचीं नवीं काडतुसें काढलीं. ज्याच्या घरीं ४५० ची उत्तम जोडनळी रायफल होती, त्याला काडतुसांची पंचाईत टाळण्यास नळ्या बदलून घेणें हा एक सरळ मार्ग होता. सारांश, नळी हा रायफलीचा झिजणारा व बदलण्याजोगा भाग होय. ती बदलणें यांत लबाडी नाहीं. जोड्याचा तळ बदलण्याइतकीच ती साधी गोष्ट आहे.

आतां क्रमांकाकडे वळूं. रायफल दुरुस्त करणारा चांगला कारागीर नवी नळी बसविल्यावर तीवर जुनाच क्रमांक घाली. कारखान्याच्या वहींत त्याच क्रमांकाखालीं ती रायफल नोंदलेली असे, मालकाच्या परवान्यावरही तोच क्रमांक असे. तो न घालणें हीच गैरसोय झाली असती. कारखान्याचें नांव व पत्ताही तो जुन्या नळीवरून पाहून जसाच्या तसा कोरी. म्हणजे जुळणारा क्रमांक इतकेंच सांगतो कीं, ज्यानें ही नळी बसविली त्याला ती कोणत्या रायफलीवर बसवावयाची हें ठाऊक होतें. आपल्या पोथ्यांतून हाच प्रकार नित्य दिसतो. लेखक मूळ प्रतीचा पुष्पिकालेखही शकासकट उतरून घेतो, आणि संग्राहक ती पोथी त्या शकांतली समजून बसतो. लेखकानें खोटें लिहिलेलें नसतें; वाचणारा चुकीचें वाचतो.

मग नळीवर असें कोणतें चिन्ह आहे कीं, जें नळी बसविणाराच्या इच्छेवर अवलंबून नाहीं? तें म्हणजे प्रूफ हाऊसचा ठसा. इंग्लंडांत विकावयाच्या प्रत्येक नळींत नेहमीपेक्षां जोरदार दारूचें काडतूस भरून बार काढून पाहावा लागतो; नळी टिकली तर तीवर ठसा मारतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीस १६३७ मध्यें सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. ठसा मारणारा हा कारखानदारही नव्हे व मालकही नव्हे. रायफल जुनी दिसावी कीं नवी दिसावी याशीं त्याला कांहीं कर्तव्य नाहीं. जकातीच्या नाक्यावर मारलेल्या शिक्क्यासारखी त्याची साक्ष आहे. ती सहज दिली गेली म्हणूनच तिला वजन आहे.

हे ठसे काळानुसार बदलत गेले, हें आपलें भाग्य. बर्मिंगहॅमचे जुने ठसे मुकुटाखालीं तिरपे छेदणारे दोन राजदंड, व त्यांमधील अक्षरें असे होते. ते १९०४ पर्यंत चालले. १९०४ पासून मुकुटाखालीं 'बी पी', 'बी व्ही' व बिनधुराच्या दारूकरितां 'एन् पी' हीं अक्षरें आलीं. १९५४ च्या नियमांनीं 'बी एन् पी' हा मुकुटांकित ठसा आणला, आणि दारूच्या व गोळीच्या वजनाऐवजीं दर चौरस इंचास किती टन दाब हें लिहिण्याची पद्धत सुरू झाली. १९२१ पासून १९४१ पर्यंत बर्मिंगहॅमच्या कित्येक नळ्यांवर वर्षदर्शक अक्षरही सांपडतें. लंडनचे मुख्य ठसे मात्र, मुकुटाखालीं गुंतविलेलें 'जी पी' व दुसरें 'व्ही', शतकानुशतकें जवळजवळ तेच राहिले. त्यांवरून काळ काढूं जाणें व्यर्थ आहे. जर्मन ठशांचेंही असेंच टप्पे पाडून वाचन करतां येतें. १८९१ चा कायदा १८९३ पासून अंमलांत आला, त्याचे ठसे मुकुटाचे. १९३९ च्या कायद्याचे, १९४० पासून अंमलांत आलेले, गरुडाचे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतील जर्मन नळ्यांच्या पोटाखालीं पुष्कळदां महिना व वर्ष अंकांतच मारलेलें असतें. एवढी उघड साक्ष असून ती वाचली जात नाहीं, कारण ती नळीच्या खालच्या अंगास, कुंद्याच्या लांकडांत झांकलेली असते. ती पाहावयास दोन स्क्रू काढावे लागतात. याद्या तयार करणारे बहुधा हे स्क्रू काढीत नाहींत.

परंतु ठशाचेंही वाचन विवेकानें केलें पाहिजे, नाहींतर एक अंधश्रद्धा जाऊन दुसरी यावयाची. नळीवरील साल हें नळीच्या जन्माचें साल. रायफल त्यानंतर केव्हांही जुळविली गेली असेल. अमेरिकेंतील विंचेस्टर कारखान्याच्या मॉडेल ७० या रायफलीच्या (१९६४ पूर्वीच्या) नळीखालीं वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. ते चौकटीच्या क्रमांकावरून निघणाऱ्या सालाच्या एखाद दोन वर्षें मागचे असल्यास त्यांत वावगें कांहीं नाहीं. कोठारांत पडलेल्या नळ्या पुढें वापरल्या जात. नळीचें साल चौकटीच्या बरेंच पुढचें असेल तरच शंका घ्यावी. विलायती कागदांतील जलचिन्हाचा न्याय हाच. १७९४ नंतर इंग्लिश कागदवाले जलचिन्हांत साल घालूं लागले. १८१० चें जलचिन्ह असलेल्या कागदावर १८१५ चें पत्र असणें स्वाभाविक आहे. त्याच कागदावर १७९० ची सनद निघाली तर तिचें काय करावयाचें हें इनाम कमिशनच्या काळचीं प्रकरणें चाळलेल्यांस सांगावयास नको.

विंचेस्टरचेंच आणखी एक उदाहरण येथें उपयोगी आहे. त्या कारखान्यानें १९०५ च्या जुलैपासून लंबवर्तुळांत 'डब्ल्यू पी' असा आपला ठसा नळीवर व चौकटीवर मारण्यास आरंभ केला. चौकट त्यापूर्वीच्या क्रमांकाची व ठशाविना, आणि नळीवर मात्र ठसा, असें दिसल्यास ती नळी मागाहूनची. पण ती परक्या कोणी बसविली असेंही ठरत नाहीं. दुरुस्तीस परत आलेल्या रायफलीवर कारखानाच नवी नळी बसवीत असे. उलट नुसत्या सुट्या विकलेल्या नळ्यांवर लंबवर्तुळांत केवळ 'पी' हें अक्षर असे. त्या बाहेर कोणीही बसवाव्या. तेव्हां 'कारखान्याची मूळ नळी' या एका शब्दसमूहांत तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात : या रायफलीबरोबर जन्मलेली नळी, त्याच कारखान्यानें पुढें घातलेली नळी, आणि त्या कारखान्यांत तयार झालेली पण दुसऱ्यानें बसविलेली नळी. विक्रेत्यास या तिन्ही एकच वाटतात. इतिहासाच्या दृष्टीनें पहिलीसच 'मूळची' म्हणावें. दुसरी व तिसरी 'कारखान्याची' म्हणावयास हरकत नाहीं.

वरील सर्व विचार एका प्रत्यक्ष प्रकरणांतून सुचला, तें आतां सांगतों. देशावरील एका जुन्या घराण्यांतील रायफल मला पाहावयास मिळाली. जर्मनींतील ओबर्नडॉर्फच्या मौझर कारखान्याची चौकट, तीवर लंडनच्या एका नामांकित दुकानाचें नांव, २७५ बोअर. कुंद्यावरील चांदीच्या पट्टींत १९११ हें साल व एका नरभक्षक वाघाचा उल्लेख. क्रमांक चौकटीवर व नळीवर एकच. घराण्यांतील मंडळींची इच्छा अशी कीं, ती एका संग्रहास द्यावी व 'ज्या नळींतून ती गोळी सुटली ती हीच' असें चिठीवर लिहावें. सूचिकारानें तसा मसुदाही तयार केला होता, व त्याचा आधार अर्थात् क्रमांक जुळतात हाच होता.

कुंदा उतरविल्यावर चौकटीवर लंडनचे ठसे स्वच्छ दिसले. नळीवर मात्र लंडनचा एकही ठसा नव्हता. तीवर मुकुटाखालीं 'बी एन् पी' व टनांतील दाब, म्हणजे बर्मिंगहॅमचे १९५४ नंतरचे ठसे होते.

यावर घराण्यांतील एका वकील गृहस्थांनीं घेतलेला आक्षेप मार्मिक होता, व तो मीं टाळूं इच्छीत नाहीं. ते म्हणाले, "जुनी नळीच दुरुस्तीसाठीं विलायतेस गेली असेल व तेथें तिची पुन्हां परीक्षा होऊन नवा ठसा पडला असेल. ठसा नवा म्हणून नळी नवी कशावरून?" हें म्हणणें तत्त्वतः अगदीं बरोबर आहे. जुन्या नळीची कोठी वाढविली किंवा तिच्यांत दुसरा मोठा फेरफार केला तर ती पुन्हां प्रूफ हाऊसकडे जाते, आणि नवा ठसा पडतो. जुन्या सनदेवर पुढच्या कारकीर्दींतील मंजुरीचा शेरा असावा तसें हें. म्हणून नवा ठसा असणें हा पुरावा पुरेसा नाहीं. जुना ठसा नसणें हा पुरावा त्याच्या जोडीला पाहिजे. नव्या परीक्षेनें जुने ठसे पुसले जात नाहींत. १९११ ची नळी असती तर चौकटीवर ज्या परीक्षेचे ठसे आहेत तिचेच जुळे ठसे नळीवर असावयास हवे होते, कारण नळी व चौकट यांची परीक्षा एकत्र होते. ते कोणी घासून काढले असें म्हणावें, तर ठसे खोल असतात. ते जाईपर्यंत कानस चालविली तर त्या जागीं नळी बारीक झाली पाहिजे. मीं त्या जागीं व तिच्या दोन्ही बाजूंस व्यास मोजला. निमुळतेपणा अखंड होता, कोठेंही खळगा नव्हता.

लांकडाचीही साक्ष मिळाली. कुंद्याच्या पुढील भागांत नळी बसण्यासाठीं जी पन्हळ कोरलेली असते तिच्यांत, जेथें नळी चौकटीस मिळते तेथें, जुनें तेल पिऊन काळें पडलेलें लांकूड छिन्नीनें नव्यानें तासलेलें दिसलें; तासलेला भाग फिकट होता. याच्या उलट पन्हळीच्या टोंकाशीं एक बाजू सैल होती, म्हणजे तेथें पूर्वीची नळी किंचित् जाड असावी. नळीच्या आंतील आटे आरशासारखे चकचकीत होते. मीं या शेवटच्या गोष्टीस महत्त्व देत नाहीं. कढत पाण्याचा नेम पाळणाऱ्यांच्या जुन्या नळ्याही अशा राहिलेल्या मीं पाहिल्या आहेत. निळाईच्या छटेवरून निर्णय करणारेही पुष्कळ आहेत, पण संपूर्ण रायफलीस एकदां नवी निळाई दिली कीं ती साक्ष संपली, आणि येथें तेंच झालें होतें.

घराण्यांतील वृद्ध बाईसाहेबांनीं एक गोष्ट सांगितली ती येथें नमूद करण्याजोगी आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें रायफल कधींच घराबाहेर गेली नाहीं. फक्त एकदां, त्यांचें लग्न होऊन या घरीं आल्यावर कांहीं वर्षांनीं, ती "रंग द्यायला" मुंबईस पाठविली होती व तिला यावयास फार दिवस लागले. लग्न १९५१ चें. निळाई देण्यास आठ-पंधरा दिवस पुरतात. नळी विलायतेस पाठवून घडवून आणावयास फार दिवस लागतात. कौटुंबिक परंपरेनें कृत्य लक्षांत ठेवलें व त्याचें नांव बदललें. दंतकथेंतही बहुधा असाच कांहीं तरी खरा अंश असतो, म्हणून ती फेंकून देऊं नये. तपासून तिच्या जागीं ठेवावी.

आतां कारखान्यांच्या वह्यांविषयीं दोन शब्द. लंडनच्या कित्येक दुकानांच्या विक्रीच्या वह्या टिकल्या आहेत; विंचेस्टरच्या जुन्या मॉडेलांच्या वह्यांचा मोठा भाग वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयांत आहे, आणि क्रमांक कळविल्यास उतारा मिळतो. वहींत बोअर, नळीची लांबी, विक्रीची तारीख असते. याचा उपयोग निषेधाकडे अधिक होतो. वहींत ४५० व हातांत ४७० अशी रायफल असेल तर वाद मिटला. पण वही व वस्तु जुळल्या म्हणून नळी मूळची ठरत नाहीं, कारण नवी नळी बहुधा त्याच बोअरची व त्याच लांबीची घालतात. घरांतून काय बाहेर पडलें हें वही सांगते. नंतर वाटेंत काय झालें हें तिला ठाऊक नसतें. अशा उताऱ्यास 'मूळपणाचें प्रमाणपत्र' म्हणून चौकटींत लावून विकण्याचा प्रघात पडला आहे. तो त्या उताऱ्यावरच अन्याय आहे.

नळीवर कोरलेल्या पत्त्याविषयींही थोडी सावधगिरी बाळगावी. हॉलंड अँड हॉलंड हें दुकान १९६० मध्यें न्यू बाँड स्ट्रीटवरून ब्रूटन स्ट्रीटला गेलें. तेव्हां ब्रूटन स्ट्रीटचा पत्ता असलेली नळी १९६० च्या आधींची नव्हे हें खरें. पण न्यू बाँड स्ट्रीटचा पत्ता आहे म्हणून ती त्यापूर्वीचीच, असें मात्र नव्हे. नवेपणाचें चिन्ह नकळत राहून जातें, जुनेपणाचें चिन्ह हौसेनें उतरून घेतां येतें. यास्तव या प्रकारच्या पुराव्यांत पुढच्या काळाकडे बोट दाखविणारें एक चिन्ह मागच्या काळाकडे बोट दाखविणाऱ्या दहांपेक्षां बलवान् समजावें.

वरील रायफल त्या घराण्यानें अखेर संग्रहास दिली. माझ्या निर्णयानें मंडळी खिन्न झाली, आणि तें साहजिक होतें. एकानें विचारलेंही, कीं मग आतां तिची किंमत काय राहिली? माझ्या मतें चौकट, खिटी, कुंदा व पट्टी हीं एकमेकांशीं जुळतात व १९११ च्या विधानास त्यांच्यांत कोठेंही बाध येत नाहीं; शिवाय १९५४ नंतरही ही रायफल वापरण्याजोगी ठेवावी असें त्या घरांत कोणास तरी वाटलें, हीही त्या घराण्याच्या इतिहासांतील एक गोष्टच आहे. चिठीचा मसुदा बदलून पुढीलप्रमाणें सुचविला, व तो मान्य झाला : "मौझर चौकटीची शिकारी रायफल, २७५ बोअर. चौकट, कुंदा व चांदीची पट्टी इ. स. १९११ च्या सुमाराची, लंडन येथें परीक्षित. नळी १९५४ नंतरची, बर्मिंगहॅम येथें परीक्षित. जुना क्रमांक नव्या नळीवर पुन्हां घातलेला. जुनी नळी उपलब्ध नाहीं."